तळ्यातील सूक्ष्म जित्राब आणि माशांची पिले

पेरणीपूर्वी जमीन नांगरावी, कुळवावी, तीत खत मिसळावे आणि वाफसा आला म्हणजे बी टाकावे, ही गोष्ट कोणाही कुणब्यास नव्याने शिकवावी लागत नाही. कोरड्या ढेकळांत बी फेकून जो उगवणीची वाट पाहत बसेल, त्यास गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु हाच जाणता शेतकरी तळ्यात माशांचे बी सोडावयास निघाला म्हणजे मशागतीचा विचार मागे पडतो. तळ्यात पाणी भरले की तळे तयार झाले, असे तो समजतो. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मत्स्यजिरे आणून तो पाण्यात सोडतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी जाळे ओढून पाहतो तो लाखाच्या ठिकाणी काही हजार पिलेदेखील हाती लागत नाहीत. मग बी विकणाराशी तंटा सुरू होतो. बी कधी खराब नसतेच असे आमचे म्हणणे नाही. परंतु पुष्कळ वेळा बी चांगले असूनही पाणी तयार नसते, आणि पाणी तयार नसणे म्हणजे काय हेच शेतकऱ्यास कोणी उलगडून सांगितलेले नसते. सबब ह्या लेखात त्या पाण्याविषयी, म्हणजे त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जित्राबाविषयी, चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जिऱ्याची भूक

कटला, रोहू व मृगळ हे आपल्या गोड्या पाण्यातील तीन प्रमुख मासे साठलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांचे बी पूर्वी पुराच्या दिवसांत नद्यांतून गोळा करावे लागे, आणि त्यात नको त्या जातींची भेसळ येई ती निराळीच. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अनगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून ह्या माशांपासून अंडी मिळविली, आणि तेव्हापासून मत्स्यबीजाचा जन्म माणसाच्या हातात आला. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. ह्या शोधामुळे बी पाहिजे तेव्हा निर्माण करता येऊ लागले. पण जन्मलेले बी जगवावयाचे कसे, हा प्रश्न तळेवाल्याच्याच माथी राहिला. आणि त्यातही सर्वांत नाजूक काळ म्हणजे पहिला पंधरवडा.

अंड्यातून निघालेले पिलू पहिले सुमारे तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगते. बलक संपला, तोंड उघडले आणि पिलू मोकळे पोहू लागले, म्हणजे त्यास मत्स्यजिरे म्हणतात. लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास. जिऱ्याच्या दाण्याएवढेच ते दिसते, म्हणून नावही तसेच पडले. ह्या वयात पिलाचे तोंड अगदी लहान, पोटाची शिदोरी संपलेली, आणि पचनशक्ती कच्ची. पेंडीची पूड टाकली तर तिचा काही भाग ते खाते, बाकीची तळाशी जाऊन कुजते. त्यास खरे मानवते ते जिवंत, हलणारे आणि तोंडात मावणारे खाद्य. ते दुकानात मिळत नाही. तळ्यातच पिकवावे लागते.

तीन प्रकारचे जित्राब

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवसृष्टीस प्लवंग असे म्हणतात. त्यातील वनस्पती प्लवंगामुळे पाण्यास हिरवी झाक येते, आणि त्या हिरवळीवर चरणारे ते प्राणी प्लवंग. हे प्राणी प्लवंग म्हणजेच आमचे सूक्ष्म जित्राब होय. त्यात तीन प्रकार मुख्य आहेत.

पहिला प्रकार रोटिफर. डोक्यावरील बारीक केसांचे कडे हालत असल्यामुळे चाक फिरत आहे असा भास होतो, त्यावरून हे नाव पडले आहे. हा इतका लहान की नुसत्या डोळ्यांस धुळीच्या कणाप्रमाणेही मुश्किलीने दिसतो. दुसरा प्रकार जलपिसू. त्यात मोइना व डॅफ्निया ह्या जाती येतात. अंगाने वाटोळी, उड्या मारीत चालणारी. तिसरा प्रकार कोपेपॉड. ह्या शब्दाचा अर्थ वल्ह्यासारखे पाय असणारा असा आहे, म्हणून आम्ही त्यास वल्हेपाया म्हणू. पेरूच्या किंवा थेंबाच्या आकाराचे अंग, मागे दुभंगलेली शेपटी, डोक्यावर एकच डोळा, आणि झटके देत देत पुढे जाणारी चाल, ह्यावरून तो ओळखावा.

ह्या तिघांच्या वाढीत एक मोठा भेद आहे, आणि ह्या लेखातील सर्व विवेचन त्या भेदावर उभे आहे. रोटिफर व जलपिसू यांच्या माद्या अनुकूल दिवसांत नराच्या मदतीवाचून संतती वाढवितात. रोटिफरची पिढी उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत तयार होते, मोइनाचीही थोड्याच दिवसांत होते. वल्हेपायाचे तसे नाही. त्यास नर व मादी दोन्ही लागतात. मादी अंडी पिशवीत घेऊन हिंडते. सायक्लॉप्स जातीच्या मादीच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंस अशा दोन पिशव्या लोंबताना दिसतात. अंड्यातून निघणाऱ्या बारीक पिलास नॉप्लियस म्हणतात. नॉप्लियसच्या सहा अवस्था, त्यानंतर आणखी पाच अवस्था, आणि मग तो वयात येतो. ह्यास पाण्याच्या उबेप्रमाणे एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून नव्याने भरलेल्या, खत घातलेल्या तळ्यात साधारणपणे आधी रोटिफर माजतो, मागून जलपिसू येते, आणि वयात आलेला वल्हेपाया सर्वांच्या शेवटी येतो.

नारूचा किडा तोच हा

सायक्लॉप्स हे नाव आमच्या वडील पिढीस दुसऱ्याच एका कारणाने ठाऊक होते. नारूचा रोग ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. पायातून हातभर लांब जंत बाहेर पडावयाचा, तो काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावयाचा, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट माणूस खाटेवर पडावयाचा. १८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेंको यांनी दाखवून दिले की ह्या जंताची पिले पाण्यातील सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात, आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला म्हणजे रोग जडतो. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला, त्याचा पाय पाण्यात बुडाला, की जंताची पिले पाण्यात सुटत, आणि तेथून सर्व गाव त्या रोगात सापडे. सरकारने १९८३-८४ पासून मोहीम चालविली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, पाणी फडक्यातून गाळून पिण्याची सवय लाविली, विहिरींत औषध टाकिले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

ही हकीकत येथे देण्याचे कारण असे की, सायक्लॉप्सचे नाव काढताच कित्येक वयस्क शेतकरी दचकतात. त्यांनी निर्धास्त असावे. दोष किड्याचा नव्हता, त्याच्या पोटातील जंताचा होता, आणि तो जंत आपल्या देशातून गेला आहे. तथापि पिण्याचे पाणी व माशांचे पाणी निराळे ठेवावे, पिण्याचे पाणी गाळून घ्यावे, आणि माशांची खते घातलेल्या तळ्याचे पाणी पिण्याच्या विहिरीत मुरणार नाही अशी जागा पाहावी, हा नियम नारू गेला तरी पाळण्याजोगाच आहे.

भक्ष्य आणि भक्षक

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वल्हेपाया हे माशांच्या पिलांचे उत्तम खाद्य आहे. नॉप्लियस लहान, मऊ व हलता असल्यामुळे तो कोवळ्या पिलाचे लक्ष वेधून घेतो. मोठा वल्हेपाया हा आठ-दहा दिवसांच्या पिलाचा सकस आहार होतो. कटला तर जन्मभर प्राणी प्लवंगावरच मुख्यतः पोसतो. परंतु सायक्लॉप्सच्या वर्गातील मोठ्या जाती स्वतः मांसाहारी असतात. तीन-चार दिवसांचे मत्स्यजिरे आणि वयात आलेला सायक्लॉप्स एके ठिकाणी आले म्हणजे हा किडा पिलाच्या कल्ल्यांस व परांस डसतो, त्वचा फाडतो, आणि एका पिलास दोन-चार किडे लागले तर ते वाचत नाही. त्याची ही शिकारी वृत्ती इतकी खात्रीची आहे की, व्हिएतनाम देशात १९९० नंतरच्या दशकात पाण्याच्या टाक्यांत व रांजणांत मेसोसायक्लॉप्स नावाची जात सोडून डेंग्यू पसरविणाऱ्या डासांच्या अळ्या नष्ट करण्यात आल्या. जो किडा डासाची अळी फाडून खातो, त्यास मत्स्यजिरे जड नाही.

ह्यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, एकच किडा पहिल्या आठवड्यात पिलांचा वैरी आणि दुसऱ्या आठवड्यात पिलांचा घास असतो. पिलू एक सेंटिमीटरच्या पुढे गेले, चपळ झाले, म्हणजे पारडे फिरते. सर्व प्रश्न तारखेचा आहे. तळे भरून, शेण घालून तीन आठवडे पडू दिले आणि मग बी आणले, तर वैऱ्याच्या छावणीत बी सोडल्यासारखे होते. तळे भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी बी सोडले तर खाद्य काहीच नसल्यामुळे बी उपाशी मरते. ह्या दोहोंच्या मधला जो थोडा काळ, जेव्हा पाणी रोटिफर, बारीक मोइना व नॉप्लियस यांनी भरलेले असते आणि मोठा सायक्लॉप्स वयात आलेला नसतो, तोच पेरणीचा वाफसा समजावा.

हंगेरी वगैरे देशांत हा वाफसा साधण्यासाठी ट्रायक्लोरफॉन नावाचे कीटकनाशक अल्प प्रमाणात पाण्यात टाकून जलपिसू व वल्हेपाये मारण्याची रीत पडली. त्यायोगे रोटिफर वाचतो व पिलांस आयता मिळतो. आपल्याकडे ह्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. आमच्या मते ती बंदी नसती तरी शेतकऱ्याने ह्या वाटेस जाऊ नये, कारण जे काम तारखेने व फडक्याने साधते त्यास विष कशाला?

पाण्याची मशागत

पुस्तकांत प्रमाणे हेक्टरी दिलेली असतात. आमचा जन्म सातबाराच्या दप्तरात गेल्यामुळे आम्ही ती गुंठ्यावर आणून मांडतो. शंभर गुंठे म्हणजे जवळजवळ एक हेक्टर, एवढे ध्यानात ठेविले म्हणजे ताळा पाहता येईल.

संगोपनाचे तळे दोन ते दहा गुंठ्यांचे व एक ते दीड मीटर खोल असावे. उन्हाळ्यात ते पूर्ण आटवून तळास भेगा पडेपर्यंत वाळवावे. त्यामुळे मरळ, वाम, शिंगी असले मांसभक्षक मासे उरत नाहीत. तळे आटत नसेल तर गुंठ्यास २५ किलो मोहाची पेंड टाकावी. तिच्यातील सॅपोनिन ह्या द्रव्याने मासे मरतात, आणि पुढे तीच पेंड खत होते. परंतु तिचे विष पंधरा ते वीस दिवस टिकते, तोपर्यंत बी सोडता येत नाही हे विसरू नये. नंतर गुंठ्यास दोन ते तीन किलो चुना पसरावा. पाणी आत घेताना नळाच्या तोंडास बारीक जाळी बांधावी.

खताच्या बाबतीत जुनी रीत अशी की, बी सोडण्याच्या पंधरा दिवस आधी गुंठ्यास ५० ते १०० किलो ताजे शेण टाकावयाचे. ह्या रीतीने प्लवंग येतो खरा, पण एवढे शेण एकदम पडल्याने पाण्यावर हिरवा गाळ धरतो, आणि पंधरवडा मोकळा मिळाल्यामुळे वल्हेपायांची पिढी बी येण्यापूर्वीच वयात येते. त्यापेक्षा हप्त्याहप्त्याने खत देण्याची रीत अधिक हिताची आहे. गुंठ्यास साडेसात किलो भुईमुगाची पेंड, दोन किलो शेण व अर्धा किलो सुपर फॉस्फेट असे प्रमाण धरावे. पेंड आदल्या दिवशी भिजत घालून सर्व जिन्नस पाण्यात कालवून पातळ करावे. त्यातील निम्मे खत बी सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी तळ्यात सर्वत्र शिंपावे. उरलेले निम्मे, पाण्याचा रंग पाहून, पुढे दोन-तीन वेळा द्यावे. वाळविलेल्या तळ्यात पाणी भरण्याचे काम बी येण्याच्या सुमारे आठवडाभर आधी करावे, त्याहून फार आधी करू नये.

पाण्याची पीकपाहणी

तारखा वर दिल्या, तरी केवळ तारखेवर विसंबून राहणे बरे नव्हे. जुन्या तळ्याच्या चिखलात कित्येक जातींचे वल्हेपाये अर्धवट वाढलेल्या स्थितीत निपचित पडून राहतात, आणि पाणी मिळताच जागे होऊन अल्पावधीत वयात येतात. अशा तळ्यात मोठा सायक्लॉप्स अपेक्षेपूर्वीच हजर असतो. म्हणून पिकाची पाहणी जशी बांधावर उभे राहूनच करावी लागते, तशी पाण्याची पाहणी तळ्यावर जाऊनच करावी.

ह्यास लागणारे सामान थोडे आहे. रेशमी किंवा नायलॉनच्या अतिशय बारीक कापडाची एक निमुळती पिशवी, तिच्या टोकास बांधलेली काचेची नळी, एक मापाचे भांडे आणि एक चांगले भिंग. तळ्याच्या चार-पाच जागांहून मिळून ५० लिटर पाणी ह्या पिशवीतून गाळावे. नळीत उतरलेल्या प्लवंगात चिमूटभर मीठ टाकले म्हणजे ते थोड्या वेळात तळाशी बसते. बसलेला साका दीड ते दोन मिलिलिटर भरला तर खाद्य पुरेसे आहे असे समजावे. साका निव्वळ हिरवा असेल तर तो वनस्पती प्लवंग. तपकिरी किंवा फिकट असेल तर प्राणी प्लवंग अधिक. मीठ टाकण्यापूर्वी थोडे पाणी बशीत घेऊन उन्हात भिंगातून पाहावे. उड्या मारणारी वाटोळी जलपिसू दिसली, पांढुरके ठिपके हलताना दिसले, तर ठीक. झटके देत धावणारे आणि पिशव्या लोंबणारे सायक्लॉप्सच बशीभर दिसू लागले, तर बी आणावयास जाऊ नये, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

मग काय करावे? लहान तळे असेल तर बारीक कापडाचे ओढजाळे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फिरवून मोठे किडे काढून घ्यावे. ते फुकट जात नाहीत, दुसऱ्या तळ्यातील मोठ्या पिलांस घालावे. किडे फारच असतील तर पाणी काढून पुन्हा भरावे, किंवा त्या तळ्यात मत्स्यजिरे न सोडता दोन-अडीच सेंटिमीटरचे मत्स्यबीज सोडावे. त्यास तेच किडे अन्न होतात.

वल्हेपायांचे स्वतंत्र तळे

ज्यांचेकडे दोन-तीन लहान खड्डे आहेत त्यांनी एक गुंठ्याचा खड्डा केवळ सूक्ष्म जित्राबासाठी राखून ठेवावा. त्यात मासे मुळीच सोडू नयेत. वरील प्रमाणाने खत द्यावे, जुन्या चांगल्या तळ्याचे थोडे गाळलेले पाणी विरजण म्हणून घालावे, आणि आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे खत देत राहावे. ह्या खड्ड्यातून रोज काही भाग काढला तरी पैदास चालू राहते. रात्री पाण्यालगत दिवा लाविला असता पुष्कळ जातींचे किडे उजेडाकडे गोळा होतात; त्या वेळी ते काढणे सोपे जाते.

काढलेले जित्राब वयाप्रमाणे निवडण्यास चाळणीची युक्ती आहे. सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, छिद्रे असलेल्या कापडावर मोठे वल्हेपाये अडकतात, आणि नॉप्लियस व रोटिफर खाली गळतात. खाली गळालेले कोवळ्या मत्स्यजिऱ्यास घालावे, वर राहिलेले मोठ्या पिलांस. गव्हाचा कोंडा निराळा व पीठ निराळे करण्यासारखेच हे काम आहे, आणि एवढ्याने वैऱ्याचे भक्ष्य होते.

ही कल्पना केवळ आपल्या कटला-रोहूपुरती नाही. नॉर्वे देशात १९८० नंतरच्या दशकात समुद्राचे पाणी कोंडलेल्या मोठ्या तळ्यांत वल्हेपाये वाढवून त्यांवर कॉड माशाची पिले पोसण्यात आली. तैवान बेटात हेकरू जातीच्या माशांसाठी उघड्या तळ्यांतून हे जित्राब पिकवितात. समुद्री माशांच्या पिलांच्या दृष्टीस व मज्जातंतूंस लागणारी काही स्निग्ध द्रव्ये वल्हेपायांत निसर्गतःच भरपूर असतात, आणि डबाबंद मिळणाऱ्या आर्टेमियात ती तितकी नसतात, म्हणून हा खटाटोप. केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात समुद्री वल्हेपायांची पैदास राखली जाते. कोकणपट्टीत व गोव्यात खाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन करणारांनी इकडे लक्ष देण्यासारखे आहे.

कागदाच्या तळ्यांविषयी

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने मागेल त्याला शेततळे ही योजना काढिल्यापासून गावोगाव शेततळी झाली, आणि पाणी मुरू नये म्हणून पुष्कळांनी आत प्लास्टिकचा कागद अंथरला. पाणी साठविण्यास तो उत्तम. परंतु अशा तळ्यास चिखल नसतो, चिखलात निजलेली अंडी नसतात, आणि खतही मातीत धरून राहत नाही. म्हणून ह्या तळ्यात जित्राब आपण होऊन लवकर येत नाही. त्यास जुन्या मातीच्या तळ्याचे विरजण अवश्य लागते. ते २०० मायक्रॉनच्या कापडातून गाळूनच घालावे, म्हणजे मोठे किडे, माशांची अंडी व इतर उपद्रव बरोबर येणार नाहीत. खतही थोडे व वरचेवर द्यावे. ह्यात एक लाभही आहे: निजलेला सायक्लॉप्स नसल्यामुळे तारखेचा हिशेब येथे अधिक खात्रीने साधतो.

दोन उपद्रव

पहिला उपद्रव पाणकिड्यांचा. उलटे पोहणारे पाणढेकूण, पाणभुंगे व चतुराच्या अळ्या हे सायक्लॉप्सपेक्षाही अधिक पिले खातात. त्यांपैकी पुष्कळ रात्री उडत येऊन नव्या तळ्यात उतरतात. बी सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला पाहून, गुंठ्यास ५६० ग्रॅम स्वस्त खाद्यतेल व १८० ग्रॅम साबण पाण्यात फेसून तळ्यावर पसरावे. पाणढेकूण व भुंगे श्वासासाठी पृष्ठभागावर येतात, आणि तेलाच्या पापुद्र्यामुळे गुदमरून मरतात. पाण्यातच विरघळलेला प्राणवायू घेणाऱ्या प्लवंगास त्याचा तसा त्रास होत नाही.

दुसरा उपद्रव शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातचा. कपाशी, द्राक्षे, डाळिंब यांवर फवारण्यात येणारी कीटकनाशके जलपिसू व वल्हेपाये यांस अत्यल्प प्रमाणातही मारक होतात, कारण हे जीव किड्यांचेच भाऊबंद होत. मासे जिवंत दिसतात, पाणी निर्मळ दिसते, आणि जित्राब मात्र नाहीसे झालेले असते. फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ नये, फवारलेल्या शेतातील पावसाचे पाणी तळ्यात येऊ देऊ नये, आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करावा.

ह्याखेरीज खत अधिक झाल्यास पहाटे पाण्यातील प्राणवायू संपतो व पिले पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. तसे दिसताच खत व पेंड बंद करून ताजे पाणी सोडावे.

हिशेब

पाच गुंठ्यांचे तळे धरू. मातीच्या तळ्यात गुंठ्यास ३० ते ५० हजार मत्स्यजिरे सोडतात. ४० हजारांप्रमाणे पाच गुंठ्यांस दोन लाख झाले. पिशव्या तळ्याच्या पाण्यावर काही वेळ तरंगत ठेवून, आतील व बाहेरील ऊब सारखी झाल्यावर, सकाळी किंवा सायंकाळी बी हलकेच सोडावे. जित्राबास जोड म्हणून भुईमुगाच्या पेंडीची पूड व भाताचा बारीक कोंडा समभाग, लाखास रोज ६०० ग्रॅम पहिले पाच दिवस, व पुढे दुप्पट, दोन वेळा विभागून द्यावा. पंधरा ते वीस दिवसांत पिले दोन ते अडीच सेंटिमीटर होतात. हे मत्स्यबीज झाले.

नीट संगोपन झालेल्या मातीच्या तळ्यात शेकडा ३० ते ५० पिले जगतात. आता समजा, पाण्याची तयारी साधून शेकडा ४० जगली, तर ८० हजार मत्स्यबीज हाती आले. तयारी चुकून शेकडा १५ जगली, तर ३० हजार. फरक ५० हजारांचा. ह्या ५० हजारांतून पुढे शेकडा ६० जरी बोटुकली झाली तरी ती ३० हजार होतात, आणि हेक्टरी पाच ते दहा हजारांच्या प्रमाणाने तीन ते सहा हेक्टर पाण्यास पुरतात. आणि हा फरक पाडणारी सामग्री कोणती? साडेसदतीस किलो पेंड, दहा किलो शेण, अडीच किलो सुपर फॉस्फेट, दहा-पंधरा किलो चुना, वीतभर कापड व एक भिंग. ह्यांचे मोल आपापल्या बाजारभावाने ज्याने त्याने लावून पाहावे.

जो शेतकरी तळ्याची एक वही ठेवील आणि तीत पाणी केव्हा भरले, खत केव्हा दिले, साका किती बसला, भिंगातून काय दिसले, बी केव्हा सोडले व किती निघाले, एवढ्या नोंदी तारीखवार करील, त्यास दोन हंगामांनंतर आमच्या ह्या लेखाची गरज उरणार नाही. आपल्या तळ्यात कोणत्या दिवशी रोटिफर माजतो व कोणत्या दिवशी सायक्लॉप्स वयात येतो, हे त्याची वहीच त्यास सांगेल. आणि बी विकणाराशी बोलणे करण्याचा प्रसंग आलाच, तर त्या वेळी रिकाम्या हाताने तक्रार करण्यापेक्षा लिहिलेला पुरावा पुढे ठेविता येईल. येत्या पावसाळ्यात बी आणावयास निघण्यापूर्वी वाचकबंधूंनी एकवार बशीभर पाणी भिंगाखाली धरावे, एवढीच आमची सूचना आहे.